एकवीस ओढी

फार फार वर्षांपूर्वी, राजाचं नाव ठाऊक नसलं तरी माणसांचं काही अडत नव्हतं त्या काळी, दोन उंच डोंगरांच्या मध्ये एक अरुंद खिंड होती. खिंडीच्या अलीकडे भरलेलं गाव होतं. शेतं, गोठे, देऊळ, विहिरी आणि हजारभर माणसं. पलीकडे एक ओढा होता आणि ओढ्याच्या पल्याड लुटारूंचा मुलूख. खिंड राहिली तर गाव राहिलं आणि खिंड गेली तर गावाचं काही खरं नाही, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

खिंडीत आडवा दगडी तट होता आणि तटावर तिरंदाज उभे असत. तटावरून सुटलेला बाण ओढ्यापर्यंत पोचला की लुटारू ओढा ओलांडत नसत. इतकं ते साधं होतं. तटाच्या मुख्याला सगळे नाईक म्हणत, आणि आपली गोष्ट या नाईकाचीच आहे. माणूस शूर होता, सरळ होता. फक्त एकदा त्याने 'नाही' म्हटलं की ब्रह्मदेव खाली आला तरी त्याचं 'हो' होत नसे. लोक या हट्टाला करारीपणा म्हणत आणि वर कौतुकही करत. आता लोकांना काय म्हणावं!

खिंडीची एक जुनी रीत होती. कमठ्याची, म्हणजे धनुष्याची, दोरी बायकांनी करायची आणि बाण पुरुषांनी सोडायचा. "दोरी बाईची, बाण पुरुषाचा," अशी तिकडे म्हणच पडून गेली होती. तटाच्या पायथ्याशी दोरीघर नावाचं एक लांबलचक घर होतं. तिथे बायका अंबाडीचा वाख, म्हणजे सालीचे धागे, सोलत, त्याला पीळ देत, मेण चोळत आणि दोऱ्या वळत. दोरीघराचा उंबरा पुरुषाने ओलांडायचा नाही आणि तटाची पायरी बाईने चढायची नाही. हे कुणी ठरवलं, कधी ठरवलं, कुणालाच आठवत नव्हतं. आठवत नाही म्हणूनच ते फार पवित्र वाटे.

दर दसऱ्याला जुन्या दोऱ्या उतरवून कमठ्यांना नव्या चढवत. त्या सकाळी मैदानात बायका ओळीने बसत. प्रत्येक दोरीला हळदकुंकू लावत, बोटाने ती एकवीस वेळा हलकेच ओढत आणि मग कमठा तिरंदाजाच्या हाती देत. हा सोहळा बघायला पोरंबाळं, म्हातारेकोतारे सगळे जमत. पुरुषांनी दोरीचं जे काही पाहिलं होतं ते एवढंच.

दोरीघर चालवायची नाईकाची थोरली बहीण. सगळं गाव तिला आक्का म्हणे. तिच्या हाताखाली बावीस जणी होत्या आणि त्यांच्यात नाईकाची एकुलती एक लेक होती, गोजरा नावाची. आईविना वाढलेली पोर. नाईकाचा तिच्यावर फार जीव होता.

त्या वर्षी पावसाळ्यात तापाची साथ आली आणि तिने तटच पोखरला. साठ तिरंदाजांपैकी अठ्ठावीस उरले. बाकीचे काही गेले, काही काठी टेकत अंगणात बसले. अर्धा तट मोकळा पडला. नाईकाला घास गोड लागेना. रोज तो ओढ्याकडे बघायचा आणि पलीकडच्या झाडीत काही हलतंय का ते शोधायचा.

एका दुपारी तो असाच चिंतेत दोरीघराच्या मागून चालला होता. इतक्यात 'थप्' असा आवाज आला. थोड्या वेळाने पुन्हा 'थप्'. कुंपणाच्या फटीतून त्याने पाहिलं आणि जागच्या जागी थिजला.

परसाच्या पार टोकाला गवताचा भारा उभा केला होता. भाऱ्यात सात बाण रुतले होते, सगळे एका पंज्याएवढ्या जागेत. आणि अलीकडे, शंभर पावलांवर, त्याची गोजरा पदर खोचून, डावा पाय पुढे टाकून उभी होती. कमठा कानापर्यंत ओढलेला. आठवा बाण सुटला आणि तोही त्याच जागी जाऊन बसला.

 स्वतःच्या घराला आग लागलेली पाहावी तसा नाईक ओरडला, "गोजरे!"

गोजरा दचकली, पण तिने कमठा खाली टाकला नाही. आतून आक्का आणि बाकीच्या बायका धावत आल्या.

"हे काय चाललंय?" नाईकाने विचारलं. "कुणी शिकवलं तुला हे?"

"आत्यानं नाही हं, बाबा. आमचं आम्हीच शिकलो," गोजरा म्हणाली. "दोन वर्षं झाली. बावीसपैकी अठरा जणींचा नेम पक्का आहे. तुमचा अर्धा तट मोकळा पडलाय. आम्हाला उभं करा."

नाईकाला वाटलं आपण काहीतरी भलतंच ऐकतोय. "तटावर? बायका?"

"कमठा ओढायला बळ लागतं म्हणतोस ना?" आक्का पुढे आली. "अरे, आम्ही जन्मभर दुसरं काय केलं? हे दंड बघ पोरींचे. उरला तो नेम, तो यांनी दोन वर्षं घासून शिकून घेतला."

"आक्का, तू थोरली आहेस म्हणून ऐकून घेतोय. शंभर वर्षांत जे घडलं नाही ते माझ्या नाईकीत घडणार नाही. पूर्वज काय म्हणतील?"

"पूर्वज काय म्हणतील ते मेल्यावर विचारू. लुटारू आले की काय म्हणतील ते सांग."

मागे कुणीतरी हसलं. हसायला नको होतं. नाईकाचा चेहरा लालबुंद झाला. आपली लेक, आपली बहीण, आणि आपल्याच पाठीमागे दोन वर्षं हे चालू होतं! त्याला राग आला होता, हे खरंच. पण रागाच्या तळाशी भीती होती. गोजरा तटावर उभी आहे आणि समोरून बाण येतोय, असं चित्र त्याच्या डोळ्यांसमोर आलं आणि जाईना. हे तेव्हाच मोकळेपणाने बोलला असता तर पुढचं सगळं टळलं असतं. पण भ्यालो म्हणायला जीभ रेटेना, म्हणून त्याने रीत पुढे केली.

"आजपासून दोरीघर बंद," तो म्हणाला. "बाईचा हात कमठ्याला लागतो म्हणूनच ही अवदसा आठवली. आता दोरीलाही हात लावायचा नाही. वळलेल्या दोऱ्या बाहेर काढा. पुढचं माझी माणसं बघतील."

बायका सुन्न झाल्या.  आक्का म्हणाली, "अरे, दोऱ्या नुसत्या वळून झाल्यात. अजून ओढी द्यायच्या राहिल्यात. तीन दिवस लागतात त्याला."

"एकवीस ओढी ना? पाहिलंय मी दर दसऱ्याला. बोटं पुरुषांनाही आहेत."

"मैदानात बघतोस तो नुसता शकुन रे! खरं काम आत होतं. मी सांगते तसं..."

"मला दोरी शिकवू नकोस, आक्का."

झालं. बायकांना बाहेर काढून नाईकाने दोरीघराला कुलूप ठोकलं आणि किल्ली कमरेला लावली. रीत वाचवायला निघालेल्या या माणसाने शंभर वर्षांची रीत एका दुपारी मोडली, आणि हे त्याच्या गावीही नव्हतं. गावात ज्याने ऐकलं त्याने तोंडात बोट घातलं. पण नाईकाला जाऊन सांगणार कोण? बायका पुन्हा चुलीकडे वळल्या, आणि आक्का उंबऱ्यावर बसून कुलुपाकडे बघत राहायची.

आता आत काय चालायचं ते मी तुम्हाला सांगतो, कारण नाईकाने ते ऐकून घेतलं नाही. नवी दोरी कमठ्यावर चढवली की ती ताणली जाते आणि सैल पडते. सैल दोरीचा बाण जेमतेम अर्ध्या वाटेत माती खातो. म्हणून दोरीघरात प्रत्येक दोरी एका जाड कमठ्यावर चढवून पार कानापर्यंत ओढायची, एकवीस वेळा. मग उतरवून पुन्हा पीळ भरायचा, पुन्हा मेण. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. मग कुठे ती दोरी भरवशाची होते. साठ कमठ्यांच्या दोऱ्या, वर तितक्याच राखीव. दर वर्षी. त्या बायकांचे दंड काय हळदकुंकू लावून घट्ट झाले नव्हते.

दसरा आला. मैदानात या खेपेला पुरुष ओळीने बसले. धुळोजी नावाचा सगळ्यांत जुना तिरंदाज हळदीची वाटी घेऊन अवघडून बसला होता, आणि पोरं त्याला बघून खिदळत होती. प्रत्येकाने आपल्या दोरीला कुंकू लावलं, एकवीस वेळा बोटाने हलकेच ओढलं, आणि कमठा स्वतःच स्वतःच्या हाती दिला. नाईक समाधानाने बघत होता. बाईच्या हातावाचून सोहळा पार पडला होता.

तिसऱ्या दिवशी धुळोजी त्याच्याकडे आला. "नाईक, दोरी सैल लागतेय जरा."

"हात सैल पडला असेल. वय झालं तुमचं."

"असंल बी. पण एकदा आक्कांना विचारलं असतं तर..."

"धुळोजी!" नाईक म्हणाला, आणि धुळोजी मान खाली घालून परत गेला. सरावाला बाण वाया घालवू नका, असा हुकूम नाईकाने आधीच दिला होता. त्यामुळे बाकीच्यांना कळायला वावच उरला नाही.

दसऱ्यानंतर आठव्या दिवशी, उन्हं वर येताना, ओढ्यापलीकडच्या झाडीतून लुटारू बाहेर पडले. शंभरावर होते. तटावर शिंग वाजलं. अठ्ठावीस तिरंदाज जागेवर उभे राहिले आणि नाईकाने हात वर केला. लुटारूंनी ओढ्यात पाय घातला. नाईकाने हात खाली आणला आणि अठ्ठावीस बाण सुटले.

ओढा दोनशे पावलांवर होता. बाण सव्वाशे पावलांवर पडले.

 प्रत्येक जण आपल्या कमठ्याकडे बघत राहिला. कुणी घाईने दोरी उतरवून पीळ भरला, पुन्हा चढवली, ओढली, आणि ती पुन्हा सैल पडली. नाईकाने स्वतःचा कमठा उचलला. चाळीस वर्षं ज्याचा बाण ओढ्यापलीकडच्या उंबराला लागायचा, त्याचा बाण समोरच्या गवतात निपचित पडला.  हे कसं झालं ते त्याला त्याच घटकेला कळलं. दसऱ्याला नुसता हलका हात फिरला होता त्या दोरीवर.

लुटारूंनाही ते दिसलं. आधी ते थबकले, मग मोठ्याने हसले, आणि ओढा ओलांडून निर्धास्त चालत पुढे आले. शंभर पावलांवर उभं राहून त्यांनी बाण सोडायला सुरुवात केली. त्यांच्या दोऱ्या सैल नव्हत्या. पहिला धुळोजी पडला. त्याच्या शेजारचा पडला. मग आणखी एक.

तेवढ्यात खालून धाडकन आवाज झाला. आक्काने मुसळ घालून दोरीघराचं कुलूप फोडलं होतं. आत ओढीचे जाड कमठे होते आणि त्यांच्यावर वर्षभर मुरलेल्या दोऱ्या चढवलेल्या होत्या. अठरा जणी ते कमठे घेऊन पायऱ्यांकडे धावल्या. सगळ्यांत पुढे गोजरा होती.

आणि नाईकाने काय करावं? सांगतानाही माझं डोकं फिरतं. तो पायऱ्यांच्या तोंडाशी गेला आणि दोन्ही हात आडवे पसरून उभा राहिला.

"खाली जा!" तो म्हणाला. "खाली जा सगळ्या!"

त्याचे डोळे विस्फारले होते. माणसं मरताना त्याला दिसत होती, बाण तोकडे पडताना दिसत होते, पण पायरीवर चढलेली बाई त्याला त्याहून मोठं आक्रीत वाटत होतं. गोजरा समोर थांबली. बापाला ढकलून जायचं तिला सुचेना. हेही त्या गावच्या रीतीतलंच होतं.

"बाबा, बाजूला व्हा."

"नाही."

"बाबा, माणसं मरतायत!"

"तू मरशील!" नाईक ओरडला. मनातली खरी गोष्ट शेवटी बाहेर पडली, पण फार उशिरा.

त्याच्या पाठीमागे आणखी एक किंकाळी उठली. मग दुसरी. आक्का खालून वर आली, भावासमोर उभी राहिली आणि हळू आवाजात म्हणाली, "माझी पोर तेवढी वाचावी, बाकीच्यांची पोरं मेली तरी चालतील, हेच म्हणतोयस ना? मग तसं मोठ्याने म्हण. म्हणजे तटावरच्यांना ऐकू जाईल."

नाईकाचे हात खाली आले. तो भिंतीला टेकला आणि बायका त्याच्या बाजूने वर गेल्या.

पुढचं फार वेळ चाललं नाही. लुटारू निर्धास्त होते, ढाली पाठीला लावून उभे होते. मोकळ्या पडलेल्या अर्ध्या तटावर एकाएकी अठरा कमठे उभे राहिले, आणि पहिल्याच फेरीत पुढची रांग कोसळली. दुसऱ्या फेरीला ते मागे वळले. ओढ्यात शिरता शिरता तिसरी फेरी आली. जे वाचले ते झाडीत गेले आणि नंतर कित्येक वर्षं त्या ओढ्याकडे फिरकले नाहीत.

गाव वाचलं. गोजरा वाचली, नुसतं खांद्याला खरचटलं तिला. पण अठरा जणींतली एक, आक्काची थोरली सून, तटावर पडली ती उठली नाही. बाण बाईला काही वेगळा लागत नाही. आणि पुरुषांपैकी आठ जण गेले. तीन आधी, आणि नाईक पायऱ्यांवर हात पसरून उभा होता तेवढ्या वेळात पाच.

संध्याकाळी देवळासमोर नऊ जणांना ओळीने ठेवलं होतं. गोजरा बापाजवळ आली. रडून रडून तिचा आवाज बसला होता.

"बाबा, लुटारूंनी मारलं म्हणून सांगाल ना सगळ्यांना?" तिने विचारलं.



पंधरवड्याने राजा स्वतः खिंडीत आला. त्याने विजयाची बातमी ऐकली होती आणि नाईकासाठी सोन्याचं कडं आणलं होतं. सगळं गाव मैदानात जमलं. राजाने कडं पुढे केलं, पण नाईकाने हात पुढे केला नाही. त्याने पागोटं उतरवून राजाच्या पायाशी ठेवलं आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. कुंपणाची फट, कुलूप, धुळोजीचं बोलणं, आडवे धरलेले हात. काही लपवलं नाही. राजा ऐकता ऐकता आसनावरून उठून उभा राहिला. 

"याला शिक्षा काय द्यावी?" शेवटी राजाने गावाला विचारलं.

धुळोजीची बायको पुढे आली. म्हातारी होती, काठी टेकत आली. "मारू नका त्याला, महाराज," ती म्हणाली. "मेला की सुटला. माझा धनी शूर होता, लढताना पडला, असं लोक सांगतील आणि चार वर्षांत विसरतील. खरं काय झालं ते दर दसऱ्याला यानेच सांगावं. आत्ता सांगितलं तसं. सगळ्यांच्या देखत."

राजाने तसंच ठरवलं. नाईकी आक्काकडे गेली. ते ऐकून गावाला पुन्हा एकदा धक्का बसला, पण या खेपेला कुणी तोंड उघडलं नाही. तटाच्या पायऱ्या ज्याला नेम येतो त्याला मोकळ्या झाल्या, आणि दोरीघराचा उंबरा ज्याला काम शिकायचंय त्याला. पहिल्या वर्षी आत गेलेल्या दांडग्या पुरुषांचे खांदे तिसऱ्या दिवशी असे धरले की जेवताना घास तोंडाशी नेता येईना. बायका हसल्या, पण कण्हणाऱ्यांना गरम तेल लावून दिलं.

आणि दर दसऱ्याला तो माणूस मैदानात उभा राही. नव्या मुलामुलींना कमठे मिळायच्या आधी तो नऊ नावं घेई आणि कोण कसं गेलं ते सांगे. पहिल्या वर्षी सांगता सांगता तो रडला. पाचव्या वर्षीही रडला. केस पांढरे झाले, पाठ वाकली, पण सांगणं काही सोपं झालं नाही.

अकराव्या वर्षी त्याचं सांगून झालं तेव्हा पुढच्या रांगेतली एक चिमुरडी उभी राहिली. तिला खरंच काही उमगलं नव्हतं.

"आजोबा," तिने विचारलं, "दोरी अशी तयार होत नाही म्हणून तुम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं का?"

म्हातारा तिच्यापुढे खाली बसला.

"सांगितलं होतं, बाळ," तो म्हणाला. "दोघांनी सांगितलं होतं."

तात्पर्य : रीत राखायची असेल तर ती कोणाच्या बळावर उभी आहे ते आधी पाहावं, ते हात झिडकारले तर रीतही जाते आणि माणसंही जातात.